कानबाईच्या रात्री भाड्याने आणलेला पडदा : साडेतीन स्टार

एका रात्रीचे 6,500 रुपये. त्यात 16 बाय 9 फुटांचा पडदा, तो ताणायचा लोखंडी सांगाडा, प्रोजेक्टर, दोन मोठे स्पीकर, एक माईक आणि हे सगळं पिकअपमध्ये घालून आणणारी दोन माणसं. जनरेटर त्यांचा, डिझेल आपलं. हे शेवटचं वाक्य फोनवर कोणी बोललं नव्हतं. रात्री साडेबाराला लाईट गेली तेव्हा ते बाहेर आलं आणि 900 रुपये वर गेले.

धंद्याचं नाव लिहीत नाही. पुढे थोडं उणंदुणं काढणार आहे आणि माणूस कष्टाळू आहे. आमच्या भागात पडदा भाड्यानं देणारे असून असून दोन-तीन, त्यामुळे ज्याला गरज आहे त्याला तो सापडेलच.

आमचं गाव अनेरच्या काठी, शिरपूर-चोपडा रस्त्यापासून आत. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते. भाऊबंदकीतली बावीस घरं, त्यातली निम्मी सुरतेला उधना-लिंबायतमध्ये आणि उरलेल्यांतली पोरं नाशिक-पुण्याला. पण कानबाईला सगळे येतात. रोटांचे गहू मोजून घेतलेले असतात, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, आणि मग रात्रभर जागरण. मागची तीन वर्षं डीजे आणला. म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडायला लागलं आणि गोठ्यातली एक गाय दावं तोडून पळाली, म्हणून यंदा डीजे नको असं ठरलं. सिनेमाचं मी सुचवलं. सुचवलं म्हणून सगळं माझ्याच गळ्यात आलं.

फोन केला तर पलीकडून त्याचा पहिलाच सवाल, "आप्पा, माणसं कोणती राहतील?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाया किती, पोरं किती, सुरतवाले किती. सालदार-मजूर बसतील का. त्याच्यावर यादी ठरते. कोणता पिच्चर कितीला लावायचा हे मी आलो की ठरवू, आधी नाही."

त्याचा पहिला स्टार मी तिथंच देऊन टाकला. गाडी यायच्या आधी. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

1981 ते 1994 मी तालुक्याच्या गावी एका टॉकीजसाठी रिक्षा फिरवायचो. फिरवायचो म्हणजे रिक्षा दुसऱ्याची, मी मागे भोंग्याशी माईक घेऊन बसलेला. गुरुवारी रात्री भुसावळहून रिळांची पेटी यायची, शुक्रवारी सकाळी नवा खेळ. पिच्चर कोणीच पाहिलेला नसायचा. मालकानं नाही, ऑपरेटरनं नाही, मी तर नाहीच. माझ्या हातात फक्त पोस्टर. त्यावरून मला दहा वाजेपर्यंत ठरवायचं असायचं की ओरडायचं काय. पोस्टरवर बंदूक असली की "मारधाडीनं भरलेला". देऊळ किंवा त्रिशूळ असलं की "धार्मिक, सहकुटुंब सहपरिवार". बाईच्या डोळ्यात पाणी असलं की "संपूर्ण कौटुंबिक, माताभगिनींनी रुमाल सोबत आणावा". चारच साचे होते माझ्याकडे, चौथा हास्याचा. आलेला प्रत्येक पिच्चर मी त्या चारांत बसवायचो. मला वाटायचं मी फक्त जाहिरात करतो. प्रत्यक्षात लोक तिकीट काढायचे ते मी सांगितलेल्या पिच्चरचं, आणि आत जाऊन शोधायचेही तोच.

याची अक्कल मला 1982 च्या 'उंबरठा'नं दिली. तो आमच्याकडे उशिरानंच आला. पोस्टरवर स्मिता पाटील. आता स्मिता पाटील म्हणजे मुंबईवाल्यांसाठी नटी असेल, आमच्याकडे ती शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची पोर. तिचा पिच्चर लागला की लोक पाहुणीला भेटायला आल्यासारखे यायचे. चेहरा गंभीर, कपाळावर कुंकू, अंगावर साडी. मी रिक्षात बसलो आणि दिवसभर ओरडलो, "आपल्या शिरपूरची लेक स्मिता पाटील हिचा संपूर्ण कौटुंबिक चित्रपट!" तीनच्या खेळाला बायांची बाजू गच्च भरली.

ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. घर, नवरा, मुलगी सोडून बाई महिलाश्रम चालवायला जाते. परत येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी आलेली. ती रडत नाही, भांडत नाही, पुन्हा घर सोडून निघून जाते. संपला पिच्चर. दिवे लागले तरी बाया जागेवरून उठेनात, कारण पुढे अजून काही असेल असं त्यांना वाटत होतं. कौटुंबिक पिच्चर असा मध्येच कसा संपेल? शेवटी सगळे एका फोटोत यायला नकोत का? बाहेर आल्यावर एक काकू सरळ रिक्षापाशी आल्या आणि म्हणाल्या, "काय रे भो, हाऊ तुना कौटुंबिक?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी "कौटुंबिक" गाळून नुसतं "आपल्या शिरपूरची स्मिता" म्हणालो. गर्दी निम्म्यावर आली. पण त्या निम्म्यांतल्या दोघी-तिघी पुन्हा आल्या, दुसऱ्यांना घेऊन. पिच्चर तोच, रिळं तीच, फक्त माझ्या तोंडचा एक शब्द कमी झाला होता.

त्याच 1982 चा 'नमक हलाल'ही आमच्याकडे लागला. त्यात हीच बाई अमिताभबरोबर पावसात भिजत नाचते. पिटातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि बाल्कनीतली दोन म्हातारी माणसं उठून बाहेर येऊन बिडी ओढत उभी राहिली. शिट्टी मारणारा हिरॉईन पाहत होता, बिडी ओढणारा ओळखीच्या घरची मुलगी पाहत होता. गाणं एकच.

असो. सांगायचा मुद्दा, माणसं कोणती हे विचारणारा पडदेवाला मला लगेच आवडला. शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये हे कोणी विचारत नाही, तिथं खुर्चीचा नंबर विचारतात.

आता त्या रात्रीबद्दल. गाडी आठची सांगितली होती, पावणेनऊला आली. अर्धा गुण इथं गेला. श्रावणातली रिपरिप चालू होती, पण त्यानं ताडपत्री आणली होती आणि प्रोजेक्टरला लाकडी खोका होता. पडदा फ्लेक्सचा नाही, चांगला कापडी, वारा जाईल अशी खाली भोकं ठेवलेला. पहिल्या अर्ध्या तासात पाखरांनी उजेडाच्या झोतात असा काही गोंधळ घातला की पडद्यावर टोळधाड आल्यासारखं दिसत होतं. त्यानं दूरवर एक पिवळा बल्ब लावला आणि बरीचशी पाखरं तिकडं वळवली. असल्या गोष्टी जाहिरातीत नसतात.

आवाज उत्तम. चित्र आधी वाईट होतं. जुन्या पिच्चरचं चौकोनी चित्र त्यानं आख्खा पडदा भरावा म्हणून आडवं ताणून ठेवलं होतं, त्यामुळे देवीपासून राक्षसापर्यंत सगळे मधल्या काळात भरपूर तूप खाल्ल्यासारखे रुंद दिसत होते. मी सांगितल्यावर त्यानं दोन बटणं दाबून नीट केलं, पण म्हणाला, "आप्पा, तुम्ही पहिलेच. लोकांना पडदा भरलेला लागतो, बाजूला काळं दिसलं की पैसे कापतात." त्याचंही खरं असेल.

त्यानं येऊन सगळ्या अंगणावर नजर फिरवली. पुढे चटईवर बाया आणि पोरं, मागे खाटांवर पुरुष, भिंतीला टेकून सालदार, ओट्यावर सुरतेची पोरं मोबाईल घेऊन. मग त्यानं क्रम लावला. नऊला 'जय संतोषी माँ', त्यानंतर 'माहेरची साडी', आणि बाया फुगड्या-गाण्यांना गेल्या की पहाटेपर्यंत 'शोले'. मी बारा वर्षांपेक्षा जास्त हाच धंदा केलाय, मीही असाच लावला असता.

'जय संतोषी माँ' 1975 चा. त्या काळी देशभर थेटरांत लोक चपला काढून बसायचे, पडद्यावर नाणी-फुलं टाकायचे, हे सगळ्यांनी ऐकलंय. आमच्या टॉकीजमध्ये तो दुबार लागायचा तेव्हा खेळ संपल्यावर झाडूवाल्या पोराला पडद्याखालची चिल्लर वेचायला लावायचे, मी डोळ्यांनी पाहिलंय. कानबाईच्या रात्री मात्र चपला काढल्या की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण चटईवर सगळे अनवाणीच बसलेले. देवी प्रकटली तेव्हा आमच्या जिजीनं, म्हणजे माझ्या अठ्ठ्याहत्तरीच्या मावशीनं, बसल्या बसल्या हात जोडले. शेजारी पुण्याची पुतणसून बसली होती. तिला ट्रिक फोटोग्राफी पाहून हसू आलं, पण जिजीचे जोडलेले हात दिसले तशी तिनं पदर तोंडाला लावला. हसू दाबायला असेल, पण लांबून तीही भक्तिभावानं बसलीय असंच दिसत होतं.

धार्मिक पिच्चरची एक मोठी सोय आहे, त्यात शेवट कळेल अशी भीती कोणाला नसते. फाळक्यांनी 1913 मध्ये पहिला पिच्चर काढला तोही हरिश्चंद्राचा, सगळ्यांना पाठ असलेला. लोक गोष्ट पाहायला आलेच नव्हते, गोष्ट हलताना पाहायला आले होते. त्या रात्री आमच्या अंगणातही कोणी "पुढं काय होईल" असं विचारलं नाही. जावा सुनेला छळतात, उपाशी ठेवतात, राबवून घेतात, आणि सगळे निवांत खीर खात बसलेले. देवी येणार आहे हे ठरलेलं.

आणि मग 'माहेरची साडी' लागली.

1991 चा हा पिच्चर. विजय कोंडके यांचा, अलका कुबल नायिका, विक्रम गोखले बाप, उषा नाडकर्णी सासू. मूळ गोष्ट राजस्थानी, 'बाई चाली सासरिये' नावाच्या पिच्चरची. म्हणजे मारवाडातली सून आमच्या मराठी सासूच्या हाती आली आणि इथल्या बायांना ती जन्मापासून आपल्याच गल्लीतली वाटली. आमच्या टॉकीजला तो लागला तेव्हा मला ओरडावंच लागलं नाही. खेड्याखेड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बाया यायच्या. मी फक्त रुमालाची आठवण करून द्यायचो. थेटराबाहेर एकानं त्या महिन्यात रुमालांची पाटी लावली आणि धंदा केला.

त्या अंगणात तोच पिच्चर आता तीन तऱ्हांनी पाहिला जात होता. चाळिशीच्या पुढच्या बाया पहिल्या पंधरा मिनिटांत रडायला लागल्या. रडण्यासारखं अजून काही झालंही नव्हतं, पण पुढे काय होणार हे त्यांना माहीत होतं आणि त्या आगाऊ रडून घेत होत्या. सुरतेच्या पोरी सासूच्या प्रत्येक डोळे वटारण्याला हसत होत्या, कारण टीव्हीवरच्या मालिकांत त्यांनी हेच डोळे, हाच पार्श्वसंगीताचा दणका हजार वेळा पाहिलेला. आणि पुण्याची पुतणसून, जी तासाभरापूर्वी पदर तोंडाला लावून बसली होती, ती चिडली.

"ही पोलिसात का जात नाही?"

तिनं हे मोठ्यानं विचारलं. पुढच्या दोन ओळी मागे वळल्या. जिजी डोळे पुसत म्हणाली, "पोलिसमा जाईसन रातले झोपानं कोठे, ते सांग पहिले."

मी खाटेवर बसून याच्यावरच विचार करत राहिलो, पिच्चर बाजूलाच राहिला. आधीच्या पिच्चरमध्ये सुनेला छळणाऱ्या जावा होत्या, उपासमार होती, घर तसंच, चूल तशीच. तेव्हा या पोरीला पोलीस आठवले नाहीत. का? त्या पिच्चरला आपण "धार्मिक" म्हटलं होतं. धार्मिक पिच्चरमध्ये ठाणं नसतं, तिथं तक्रार वरती जाते. हा "कौटुंबिक". हा आपल्यासारख्या घरात घडतो असं कबूल करून आपण बसलोय, मग आपल्या घरातले कायदे त्याला लागू झाले. तीच भांडी, तीच सासुरवाडी, फक्त पाटी बदलली आणि पोरीचा राग जागा झाला. जिजीचं मात्र दोन्हीकडे एकच होतं. तिनं दोन्ही वेळा नवऱ्याच्या घरच्या चुलीपुढं बसून पाहिलं. 1991 ला ती टॉकीजला यायची तेव्हा घरून चोरून यायची, हे मला आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, सासू गेली तिची.

साडेबाराला लाईट गेली. डिझेलचा प्रकार तेव्हाच झाला. माझ्या खिशातून पैसे, पोराला मोटारसायकलवर पंपावर पिटाळलं, चाळीस मिनिटं अंधार. तेवढ्यात बायांनी कानबाईची गाणी सुरू केली, फुगड्या झाल्या, आणि खरं सांगायचं तर रात्रीतली सगळ्यात चांगली चाळीस मिनिटं तीच होती. त्याचे पैसे पडदेवाल्याला देता येत नाहीत.

जनरेटर सुरू झाल्यावर पिच्चर पुढे चालू झाला. आणि इथं त्यानं तो उद्योग केला ज्याच्यासाठी मी पूर्ण एक स्टार कापतोय. शेवटची वीसेक मिनिटं राहिली असतील, बाया पार हमसाहमशी रडण्याच्या बेतात, आणि पडद्यावर एकदम 'शोले'ची आगगाडी धावायला लागली.

मी उठून गेलो. "अहो भाऊ, शेवट?"

"आप्पा, सणाची रात्र आहे. पंधरा गावांत लावलाय मी हा. सणाला शेवट दाखवला की बाया घरी जाऊन रडतात, मग पुरुष मला फोन करतात की असला कसला लावला. वेळही गेला ना लाईटमुळे."

त्याला त्याची माणसं माहीत होती, हे खरंच. पण माणसं माहीत असणं म्हणजे त्यांच्या ताटातलं काढून घेण्याचा परवाना नव्हे. रडायला म्हणूनच त्या बसल्या होत्या. पहिल्या पंधरा मिनिटांपासून त्यांनी जी उसनवारी केली होती ती फेडायची जागा म्हणजे शेवट, आणि नेमका तोच यानं गुंडाळला. मी रागावलो, पण फार नाही रागावता आलं. रिक्षातून तेरा वर्षं मीही हेच केलं होतं, कात्रीऐवजी माईकनं.

'शोले'ला पुरुष आणि पोरं. हा पण 1975 चाच, 15 ऑगस्टचा. पोरांची गंमत सांगतो. गब्बर आला आणि आठ-दहा वर्षांची पोरं खदखदून हसायला लागली. मागच्या खाटेवरचे जिभाऊ खवळले, "हसतात काय रे, डाकू आहे तो!" त्यांच्या लहानपणी याच जागी पोरं आईच्या पदराखाली शिरायची. पण या पोरांनी गब्बर आधी पाहिला तो मोबाईलवर, विनोदात, कोणाच्या तरी आवाजावर ओठ हलवणारा. मालेगावच्या नासिर शेख यांनी यंत्रमागावरची हौशी मंडळी गोळा करून 'शोले'ची मालेगावी नक्कल केली, ती आमच्या इकडं घराघरांत पाहिली गेली. ती नक्कल हसवते कारण पाहणाऱ्याला असल पाठ असतं. आता उलटं झालंय. नक्कल आधी पोचते, असल मागून येतं, आणि बिचाऱ्या असलीलाच विनोदी ठरवलं जातं. अमजद खानचा यात काही दोष नाही.

शेतकऱ्यांचं वेगळंच. आमचे नाना, कापसाची निंदणी करून दमलेले, आडवे पडून पाहत होते. गब्बरची माणसं ज्वारी न्यायला येतात त्या ठिकाणी ते कोपरावर उठले.

"ज्वारी लई जास गब्बर, पन पेरस कोन? एक बी वावर दिखास का तुले?"

मी हा पिच्चर किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. खरंच, त्या गावात बैल नाही, मोट नाही, कोणी पाणी भरायला रात्री जात नाही. नुसते खडक. ते खडक कर्नाटकातल्या रामनगरचे, आणि तऱ्हा सगळी अमेरिकेतल्या घोडेस्वारांच्या पिच्चरची. तिथं गाव लागतं ते वाचवायला, पिकवायला नाही. नानांना त्या पिच्चरचा कायदा कोणी सांगितला नव्हता, म्हणून त्यांना वावर दिसलं. म्हणजे दिसलं नाही, ते दिसलं.

भिंतीला टेकलेला आमचा सालदार सातपुड्यातल्या पाड्यावरचा, पावरा आदिवासी. तो फार बोलत नाही. सकाळी चहाला मी विचारलं, कसा वाटला? म्हणाला, चांगला होता, पण तो डोंगरात राहतो तर त्याची बायकापोरं कुठं होती? डोंगरात राहणाऱ्याला बायकापोरं नसतात असं कुठं असतं? मला हसू आलं, आणि मग आलं नाही. आमच्या इकडून वर गेलं की सेंधव्याचा घाट. तिथं इंग्रजांच्या चाकरीत वाटेवर पहारा देणारा खाज्या नाईक 1857 ला उलटला आणि भिल्लांना घेऊन लढला. इंग्रजांच्या कागदांत तो लुटारू, आमच्या इकडच्या सभांत क्रांतिवीर. पिच्चरमध्ये डोंगर दिसला की शहरातला माणूस म्हणतो, आता डाकू येणार. पाड्यावरच्या माणसाला डोंगर दिसला की घर दिसतं. हिंदी पिच्चरच्या त्या ठरलेल्या डोंगरात त्याच्यासाठी जागा एकच, घोड्यावर, बंदुकीसकट.

शेवटी गब्बरला पोलीस घेऊन जातात. सुरतेचा एक कॉलेजचा पोरगा ओरडला, "हे चूक आहे, ठाकूर मारतो त्याला!" जिभाऊ म्हणाले, कधीच नाही मारत, मी सात वेळा पाहिलाय. दोघंही बरोबर. मुळात ठाकूर त्याला मारतो असाच शेवट केलेला होता. पण आणीबाणीचा काळ, आणि निवृत्त का होईना, पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना, म्हणून पोलीस आणून तो बदलायला लावला. पोरानं मोबाईलवर मूळचा पाहिला होता. भांडण पहाटे साडेपाचपर्यंत चाललं, शेवटी चहा आला म्हणून थांबलं. पडदेवाला वायरी गुंडाळत ऐकत होता. मी त्याला म्हटलं, बघा, शेवट कापला की पन्नास वर्षं लोक भांडतात. तो हसला. त्याला लागलं की नाही, माहीत नाही.

जाताना जागा झाडून गेले दोघं, पाखरांचा ढीगसुद्धा. याचा अर्धा स्टार जास्त.

सोमवारी दुपारी कानबाई विसर्जनाला अनेरवर नेली. परतताना सुरतेच्या दोन पोरी जिजीला धरून चालत होत्या. रात्री हसणाऱ्या त्याच. "आजी, त्या साडीवाल्या पिच्चरचं शेवटी काय झालं?" जिजी सांगायला लागली. सासू चुलीतलं लाकूड उचलून सुनेच्या अंगावर धावली, तेवढ्यात सगळ्या घरात उजेड पडला, देवी आली, तिच्या हातात तलवार, आणि सासूचा हात तिथल्या तिथं लाकडासारखा कडक झाला. मग सासू रडली, मग बाप साडी घेऊन आला.

पोरगी थांबली. "आजी, तू दोन पिच्चर एक करतेयस." तिनं मोबाईल काढून शोधलं आणि तो आजीसमोर धरला. "बघ, यात देवीबिवी काही नाहीये."

जिजीनं मोबाईलकडं पाहिलंसुद्धा नाही. "तू मोबाईलमा दख. मी टाकीमा दखेल शे."

तर साडेतीन स्टार. पोळ्याला बैलांचं काम असतं, तेव्हा नाही, पण दिवाळीनंतर शाळेच्या पटांगणावर पुन्हा बोलावणार आहे. या वेळी डिझेल कोणाचं आणि पिच्चर शेवटपर्यंत दाखवायचा, या दोन गोष्टी 1,500 रुपये ॲडव्हान्स पाठवायच्या आधी लिहून घेईन.